परसातल्या विहिरी

तीन आठवडे माधवी नुसते नकार गोळा करत होती. पाण्याच्या कार्यालयात नाही, तालुक्याच्या रेकॉर्डरूममध्ये नाही, एका ठिकाणी तर "होतं, पण आता नाही", आणि हे शेवटचं 'नाही' सगळ्यांत दमवणारं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तू नेमकं काय करतेस, असं कोणी विचारलं तर ती सांगायची, "दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं आणि तिसऱ्यांनी हरवलेलं शोधते." बदलापूरच्या शिरगावातल्या शेजारणींना वाटायचं, ती पोलिसात आहे.

यावेळचा अभ्यास विहिरींचा होता. अंबरनाथ-बदलापूरकडची दहा गावं, पंचवीसेक वर्षांपूर्वीचं पाणी आणि आजचं पाणी. नऊ गावांचे जुने आकडे मिळाले होते. राहिली चामटोली.

"मॅडम, सोमवारी यादी फायनल," प्रोजेक्ट बघणारा सुजित फोनवर म्हणाला. तो तिच्याहून अठरा वर्षांनी लहान आणि तिच्याहून जास्त दमलेला. "जुना डेटा नसेल तर चामटोली ड्रॉप. मग त्यांच्या विहिरी आटल्यात हे कुठेच येणार नाही. आता नवीन सर्व्हे करून जुनं पाणी थोडंच मोजता येतं?"

"थोडंच," माधवी म्हणाली.

तिने सुजितला एक गोष्ट सांगितली नव्हती. चामटोलीचा सर्व्हे झाला होता, सव्वीस वर्षांपूर्वी. उल्हासनगरच्या एका संस्थेने केला होता, आणि फॉर्मवरचे आकडे कॉम्प्युटरवर चढवणारी मुलगी माधवीच होती. संस्थेच्या छापील अहवालात चामटोलीपुढे एकच ओळ होती: आकडे अविश्वसनीय, वगळले. का वगळले, ते तिला पाठ होतं. चामटोलीच्या मास्तरांनी भरलेल्या फॉर्मप्रमाणे एकेका घराच्या परसात वैशाखात पाच-पाच विहिरी होत्या आणि भाद्रपदात एकच. "बाकीच्या पावसात वाहून गेल्या काय?" साहेब म्हणाले होते, आणि सगळं ऑफिस चहा सांडेपर्यंत हसलं होतं. तीही.

संस्था कधीच बंद पडली. तिची खोली मुकेशभाईंच्या मालकीची, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, खाली त्यांचं कापडाचं दुकान. शनिवारी माधवी तिथे गेली.

"दीदी, माळ्यावर पडलंय सगळं," मुकेशभाई कापड मोजता मोजता म्हणाले. "रद्दीवाला दस बार आया. पण वर गोल शिक्का दिसला ना, म्हटलं सरकारी चीज है, हात नको लावायला."

"सरकारी नव्हता हो तो. संस्थेचाच शिक्का."

मुकेशभाईंच्या हातातली मोजपट्टी हवेतच थांबली. "म्हणजे फुकट में डर गए हम. बीस साल."

त्या भीतीचे मनातल्या मनात आभार मानत ती शिडी चढली. दोन तासांनी, नाकातोंडात पुरेशी धूळ गेल्यावर, चामटोलीचा गठ्ठा निघाला. एकतीस फॉर्म. मास्तरांचं अक्षर असं, की मुलांना गिरवायला द्यावं. छापील रकान्यात नुसतं 'विहीर', आणि पुढे शाईने: 'वैशाख, परस ५. भाद्रपद, परस १.'

'परसात' असं कुठेही नव्हतं. ते 'आत' माधवीने आपल्या पदरचं घातलं होतं. कॉम्प्युटरवरचा 'परसातल्या विहिरी' हा रकानाही तिचाच.

रविवारी ती चामटोलीला गेली. दिनानाथ मास्तर ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको गोजरबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"परस म्हंजे काय, ह्ये इचारायला बदलापूरवरनं आली?" गोजरबाईने सूप खाली ठेवलं. "आगो बाय, घरामागचा परस येगला. ह्यो परस म्हंजे उभा मानूस, हात वर केल्याला. पानी किती खाली, तं पाच मानसं. पाऊस झाला का येकच."

"तुमच्याकडे काय वाचलं?" मास्तरांनी विचारलं.

माधवीने सांगितलं. गोजरबाई डोळ्यांना पदर लावून हसली. मास्तर हसले नाहीत.

"तरीच," ते म्हणाले. "त्यानंतर माझ्याकडे कधी फॉर्म आला नाही. वर कळवलं होतं म्हणे, मास्तर घरी बसून आकडे टाकतो. एकतीस विहिरींत दोर सोडला होता मी, बाई. दोनदा."

"कुनी चालवलं येवढं डोकं?" गोजरबाई अजून हसतच होती.

"मी," माधवी म्हणाली. "एकवीस वर्षांची होते. आमच्या चाळीत नळ. परस म्हणजे आजीच्या घरामागचं अळू, एवढंच ठाऊक. विचारायची सोय नव्हती, असं कालपासून स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे विचारावंसंच वाटलं नाही."

सुपातल्या तांदळावर एक चिमणी उतरली, तिला कोणी हाकललं नाही.

"अक्षर लागलं का?" मास्तरांनी विचारलं.

"लागलं. एकही खाडाखोड नाही."

"हं."

तिने तिथूनच सुजितला फोन लावला. तो आधी खूश झाला, मग अडला. "पण मॅडम, परस म्हणजे किती फूट? नेटवर सहा पण दिसतंय, सात पण. पाच परसाला पाच फुटांचा फरक. असं नाही चालणार."

"माणसाच्या उंचीवर असतं ते."

"कुठल्या माणसाच्या?"

"ज्याने मोजलं त्याच्या," असं म्हणून तिने पिशवीतून टेप काढला.

मास्तर दारात उभे राहिले आणि उजवा हात वर करू लागले. खांदा आखडला होता, कोपर सरळ होईना. बोटं वरच्या तुळईपासून वीतभर खालीच राहिली.

"तेव्हा टेकायची," ते म्हणाले. "हिची कटकट असायची, तुळई काळी करता म्हणून." त्यांनी हात खाली घेतला. "मला नको मोजू. तुळई मोज. ती वाकलेली नाही."

माधवी स्टुलावर चढली. सात फूट दोन इंच.

पहिल्या फॉर्मच्या मागे तिने लिहिलं: 'एक परस म्हणजे सात फूट दोन इंच, दिनानाथ मास्तर उमेदीत असतानाचे. जुन्या अहवालातील चुक फॉर्म भरणाऱ्याची नाही, आकडे चढवणारीची आहे.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. फोटो काढायच्या आधी तिने कागद मास्तरांपुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग पेन मागितलं आणि ऱ्हस्व उकार खोडला.

"चूक दीर्घ असते," ते म्हणाले. "आता पाठव."