चव्वेचाळीस नंबर

"झाकण बदललं असेल, ताई. दुसरं काय?" साहेब म्हणाले.

बुरशीताईंना राग आला. एकतीस वर्षांत त्यांनी प्लेटचा नंबर झाकणावर कधी लिहिला नव्हता. झाकणावर लिहितात ते नवशिके. दोन झाकणे इकडची तिकडे झाली, की महिन्याची मेहनत पाण्यात. त्यांनी काचेची ती बशीएवढी प्लेट उलटी केली आणि बुडावरचा आकडा साहेबांच्या नाकासमोर धरला.

"चव्वेचाळीस. वाचता येतंय ना? आता वरून बघा. ही पिवळी कडा एकतीस नंबरच्या बुरशीची आहे. आणि ती बुरशी संपून तेरा वर्षं झाली."

साहेबांनी पाहिल्यासारखे केले. त्यांना कडांशी देणेघेणे नव्हते. कारखाना सायट्रिक अ‍ॅसिड बनवायचा, म्हणजे सरबतात आणि औषधाच्या गोळ्यांत जो आंबटपणा असतो तो. तीनमजली टाक्यांत साखरेचा पाक भरायचा आणि त्यात बुरशी सोडायची. आम्ल ती बनवते. ती बुरशी सांभाळायची आणि सुधारायची हे बुरशीताईंचे काम. खरे नाव हजेरीपटावर होते, पण ते तिथेच राहिले होते.

सुधारायची म्हणजे काय, हे त्या कुणाला फारसे सांगत नसत. बुरशीचे बीजाणू प्लेटवर पसरायचे आणि जांभळ्या दिव्याखाली नव्वद सेकंद धरायचे. हजारातले नऊशे नव्व्याण्णव मरतात. जो उरतो तो जायबंदी असतो. अशा जायबंदींमध्ये कधीतरी एखादी आईपेक्षा जास्त आम्ल देते. तिला पुढचा नंबर मिळतो आणि पुन्हा दिव्याखाली जाण्याचा मान. एक नंबरची काजळीसारखी काळी होती. घाव बसत गेले तसा तिचा रंग गेला, वाढीचा जोर गेला, बीजाणूही जेमतेम उरले. चव्वेचाळीस पांढरीफटक होती, कापसासारखी. पाकाबाहेर एक दिवस जगली नसती, पण आम्ल मात्र धो धो द्यायची.

दिव्यानंतरचे सगळे काम लाल बल्बच्या मिणमिणत्या खोलीत चाले. साधा उजेड लागला की हे बीजाणू आपले घाव आपणच भरून काढतात. "सावरू द्यायचं नाही," पहिल्या दिवशी तेव्हा ही खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवले होते, "सावरली की आपल्या कामाची नाही." डॉक्टर कधीच गेले. बुरशीताई त्या बिनखिडकीच्या खोलीतच राहिल्या. त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत, "आमची ही फोटो धुवायच्या खोलीत नोकरीला आहे. अजून एक फोटो काही घरी आला नाही."

या वर्षी चव्वेचाळीस थकली होती. टाक्यांतले आम्ल महिन्यागणिक कमी भरत होते. साहेबांनी स्पष्ट सांगितले होते : महिनाअखेरीला पंचेचाळीस द्या, नाहीतर बाहेरून तयार बुरशीची पाकिटे मागवतो आणि ही खोली बंद करतो. बुरशीताईंची निवृत्ती वर्षावर आली होती, त्यांचे काही अडणार नव्हते. पण आपल्या डोळ्यांत तेल घालून वाढवलेली बुरशी एका पाकिटाने पुसली जावी, हे त्यांना सहन होत नव्हते. म्हणून त्यांनी चव्वेचाळीस पुन्हा दिव्याखाली धरली, आणि वर आली ती पिवळ्या कडेची.

दुसऱ्या खेपेला सतरा आली.

टाचेच्या भेगांसारख्या सुरकुत्या. बुरशीताईंनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या चित्रांची वही काढली. प्रत्येक नंबरचा चेहरा त्यात होता. सतराचे पान आणि प्लेट शेजारी शेजारी ठेवली. सुरकुती ना सुरकुती जुळली. लाल उजेडात त्यांच्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या खेपेला बघण्याआधी वासच आला. झाकण जरा उचलताच ओल्या खडूसारखा तो वास नाकात गेला. हा नऊ नंबरचा. ती वाढवली तेव्हा मुलगा पोटात होता. या वासाने रोज मळमळायचे. आता मुलगा सव्वीस वर्षांचा होता, दूर नोकरीला होता, आणि बुरशीताई बेसिनवर वाकून उभ्या होत्या.

"अहो, ती मागं मागं जातेय," संध्याकाळी त्या यजमानांना म्हणाल्या.

"कोण?"

"चव्वेचाळीस. ज्या वाटेनं आणली त्याच वाटेनं."

"मग जाऊ दे की. माहेरी निघाली असेल."

एरवी त्या हसल्या असत्या. त्या रात्री त्यांनी जेवणही अर्धे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शीतपेटी आठवली आणि जीव भांड्यात पडला. दोन वर्षांपूर्वी चव्वेचाळीस ऐन भरात असताना तिच्या चाळीस नळ्या त्यांनी स्वतः मेणाने बंद करून ठेवल्या होत्या. प्लेटवर काय व्हायचे ते होवो, या नळ्यांना त्यानंतर ना दिवा लागला होता, ना कुणाचा हात. काचसामान निर्जंतुक करायच्या मोठ्या यंत्राला कारखान्यात सगळे कुकर म्हणत. तो चालवणारे भाऊ धुतलेली भांडी घेऊन आत आले होते. त्यांच्यादेखतच बुरशीताईंनी पेटी उघडली.

चाळीसच्या चाळीस नळ्या काळ्या होत्या.

"भाऊ, कुणी हात लावला याला?"

भाऊंनी एक नळी उजेडाकडे धरून फिरवली. "मेण बघा ना, ताई. जसंच्या तसं आहे." मग त्यांनी ती नळी जरा घाईनेच परत ठेवली आणि हात पँटला पुसले. "बंद करा हो ती पेटी."

ती एक नंबर होती. पहिल्या पानावरची.

बुरशीताईंनी तरी हार मानली नाही. एकपासून पुन्हा चढू, असे त्यांनी मनाशी म्हटले. एकदा चढलोच होतो. त्यांनी काळे बीजाणू प्लेटवर पसरून दिव्याखाली नव्वद सेकंद धरले. दुसरी प्लेट दहा मिनिटे. तिसरीवर पावावरची साधी बुरशी पसरली, दिवा चालतो की नाही हे बघायला. तीन दिवसांनी पावाची बुरशी साफ मेलेली होती. उरलेल्या दोन्ही प्लेटा काठोकाठ काळ्या होत्या. मोजायला जागाच नव्हती. एकही मेला नव्हता.

बुरशीताई लाल बल्बखाली स्टुलावर बसून राहिल्या. घाव एकेक करून भरत आले होते, शेवटचा आधी, पहिला शेवटी. उजेडाचा थेंब न लागू देता. आणि आता नवा घाव बसतच नव्हता. त्यांना भीती वाटली. मग एकतीस वर्षांत कधी वाटली नव्हती ती लाज वाटली, आणि ती भीतीपेक्षा जड होती.

साहेबांनी आम्ल तपासले. सडक्या लिंबावरची रानबुरशी देईल तेवढेच, नावापुरते होते.

"तुमच्या हातात काही नव्हतं, ताई," ते मनापासून म्हणाले. "पाकिटं सोमवारी येतायत. त्याआधी हे सगळं कुकरात जाऊ द्या. एक नळी जरी राहिली आणि टाक्यांत शिरली, तर नव्याचंही वाटोळं होईल."

"मीच घालते," बुरशीताई म्हणाल्या.

एखादी नळी पर्समध्ये टाकावी असे त्यांच्या मनात येऊन गेले. पण ठेवून करणार काय? परत दिवा दाखवणार? त्यांनी नळ्या मोजल्या, प्लेटा मोजल्या आणि जाळीच्या टोपल्या दोन फेऱ्यांत कुकरापाशी नेल्या.

भाऊंनी नोंदवही उघडली. कुकरात काय गेले, किती गेले आणि का. 'का'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता.

"खराब लिहू ना?"

"नाही," बुरशीताई म्हणाल्या. "बरी झाली, असं लिहा."

भाऊंचे पेन थांबले. "ताई, बरी झालेली कोण कुकरात घालतं?"

बुरशीताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "लिहा तुम्ही," त्या म्हणाल्या.

भाऊंनी लिहिले. बुरशीताईंनी टोपल्या आत सरकवल्या, दरवाजा लावला, चाक घट्ट फिरवले. वाफ फुसफुसली आणि काटा वर चढू लागला. इतर वेळी दरवाजा लागला की त्या निघून जात. आज त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि काटा परत शून्यावर येईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.