लाइन कुठी पडली होती?

सुज्ञ बालमित्रांनो, यापुढे एका शब्दाची जीवनकथा सादर होत आहे. ती दुःखाची आहे, तरी शांत चित्ताने ऐकावी.

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव ‘लाइन’. आगगाडीच्या रुळांबरोबर मी तिगावात उतरलो. प्रारंभी मी म्हणजे केवळ रूळ. पुढे शाळेतील मुले माझ्यात उभी राहू लागली, गुरुजी मला फळ्यावर ओढू लागले, आणि बहकलेल्या पोराला बाप ‘लाइनीवर ये’ म्हणू लागला. इतके अर्थ लाभल्याचा मला अभिमान वाटे.

मनकर्णाबाईंना मात्र माझा पहिलाच अर्थ ठाऊक होता. त्यांची एकुलती लेक वच्छला नरखेडला दिलेली. छप्पन साली तिचे दिवस भरत आले. पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेरचे माणूस आणावयास आल्यावाचून लेकीने निघायचे नाही, अशी रीत. मनकर्णाबाई गठुडे घेऊन निघाल्या. वाटेत कापसाच्या वजनकाट्यापाशी पांढुर्ण्याचे व्यापारी भैय्याजी भेटले.

“कुठी निघाल्या, बाई?”

“नरखेडले. पोरीले आनाले.”

“अवं, नरखेड गेलं मुंबई राज्यात, आपन राह्यलो मध्य प्रदेशात! मधात लाइन पडली.”

“अगं माय! कवा पडली?”

“परवा. दिल्लीवाल्यायनं पाडली.”

“मंग नीट कवा होईन?”

“आता काहाची नीट होते!”

काट्यावरचे सारे खदखदून हसले. राज्यांच्या सीमेलाही आता माझेच नाव मिळाले आहे, हे बाईंना कोणी उकलून सांगितले नाही. त्यांना वाटले, रूळच कोसळले. त्या घरी परतल्या. गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येत, पण रूळ पडले तेथून गाड्या माघारी फिरत असतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

तिकडे वच्छला उंबरठ्यावर बसून वाट पाही. सासू म्हणे, “राज्य बदललं तं मायबी बदलली काय वं?”

अखेर प्रसूती तेथेच झाली. मुलगी वाचली. वच्छला वाचली नाही.

निरोप भैय्याजींनीच आणला आणि बाईंना गाडीतही त्यांनीच बसविले. गाडी पांढुर्णा ओलांडून, कोठेही न अडता, नरखेडला लागली. बाई सारा वेळ खिडकीतून खाली पाहत होत्या.

“भैय्याजी, लाइन कुठी पडली होती जी?”

माझ्यापाशी एवढे अर्थ होते, त्या क्षणी एकही उपयोगी पडला नाही.

मित्रांनो, शब्द खुशाल वापरा. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात तो काय होऊन पोचला, एवढे विचारीत जा. विचारण्यास फार वेळ लागत नाही.

हे वृत्त लिहून काढणारा, मनकर्णाबाईंचा नातजावई मोरेश्वर, मुक्काम तिगाव, आपण शेवटपर्यंत वाचलेत म्हणून आपला आभारी आहे.