कुंपणाचा घेर

मास्तरांनी जन्मभर पुरुषांच्या कोटाशिवाय दुसरं काही बेतलं नाही, आणि घरापुढचं मेंदीचं कुंपणही त्यांनी कोटासारखंच बेतलं. वर खांदे रुंद, खाली कंबर आवळलेली. दर पंधरा दिवसांनी मोठी कात्री घेऊन उभे राहायचे, एक डोळा मिटून रेघ बघायचे आणि अशी छाटणी करायचे, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून म्हणायचा, "वा मास्तर! आता फक्त बटणं लावायची राहिलीत." मास्तर खूश. स्तुतीला कोण भुलत नाही? त्यातून शिंपी जरा जास्तच.

यंदा मात्र कुंपण खालून उघडं पडायला लागलं. वरती पानांची नुसती गर्दी, आणि गुडघ्याखाली वाळक्या काटक्या. आधी दोन झुडपं, मग पाच, मग सतराच्या सतरा. एरवी मास्तरांनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून कात्री खुंटीला अडकवली असती. पण यंदा तसं चालणार नव्हतं, कारण त्या कुंपणाच्या आत त्यांची बायको पुन्हा चालायला शिकत होती.

झालं होतं असं. मास्तरीणबाईही शिंपीणच, पण बायकांच्या कपड्यांच्या. चाळीस वर्षं नवराबायकोचं एकच दुकान आणि समोरासमोर दोन टेबलं. एके दिवशी वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि ताग्यासकट खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, वॉकर आला. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. वयानं लहान, पण जीभ चांगली धारदार. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, रोज मोकळ्यावर लांब चालायचं. पलंगापासून मोरीपर्यंत जाण्याला मी चालणं म्हणत नाही. हे दोन महिने वाया घालवलेत, तर पाय आखडेल तो कायमचा."

चालायला मास्तरीणबाईंची ना नव्हती. फक्त कुणी बघता कामा नये. गल्लीतल्या अर्ध्या बायका त्यांची गिऱ्हाइकं. त्यांच्यापुढे ही बाई चाळीस वर्षं ताठ उभी राहिलेली, तोंडात टाचण्या धरून हुकूम सोडत, "हात वर. पोट आत. आता सोडा श्वास." त्याच बायकांनी आपल्याला फरफटताना बघायचं? छे! म्हणून त्या रोज सकाळी कुंपणाच्या आतल्या फरशीवर खेपा घालायच्या. कुंपण डोक्याच्या वर. कुणाची बिशाद आहे आत बघायची!

आणि तेच कुंपण खालून उघडं पडलं. बाहेरून दिसायला लागलं काय, तर नेमके पाय. वॉकरचे चार आणि बाईंचे दोन. एका सकाळी केमिस्टची बायको मैत्रिणीबरोबर पलीकडून चालली होती. "बघितलंस? पाय ओढतच चालतात अजून. दुकान संपलं गं त्यांचं." मास्तरीणबाईंनी ते ऐकलं. आत आल्या, वॉकर भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून मी बाहेर जायची नाही."

 समोरचं टेबल कायमचं रिकामं, आणि आपण एकटेच मशीन चालवतोय, हे चित्रच मास्तरांना सहन होईना. पण तसं तोंडानं म्हणतील तर ते मास्तर कसले! ते थेट कुंपणावर तुटून पडले. साबणाचं पाणी मारून झालं. रोजचं पाणी दुप्पट केलं, तर मुळाशी चिखल झाला आणि डास तेवढे बाळसं धरून उठले. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून पोतंभर खत ओतलं, तर वरचे खांदे आणखी भरले, खाली ढिम्म. शेवटी कोटाच्या अस्तराचं करडं कापड जोडून लांबलचक पडदा शिवला आणि कुंपणाच्या खालच्या अंगाला टाचला.

मास्तरीणबाईंनी खिडकीतून बघितलं. "कुंपणाला लंगोट नेसवलात का?" एवढं विचारून त्यांनी खिडकी लावून घेतली.

असे नऊ दिवस गेले. फिजिओवाली आली, तिनं पाय वाकवून बघितला आणि नेहमीची बडबड न करता सामान आवरलं. दारात मास्तरांना म्हणाली, "काका, आखडायला लागलाय."

त्याच दुपारी मास्तर नर्सरीत गेले आणि तिथल्या मालकीणबाईंना जवळजवळ ओढतच घेऊन आले. बाईंनी बसकण मारली, एक काटकी नखानं खरवडली. सालीखाली हिरवं निघालं.

"जीव आहे अजून. काय काय घातलंत याला?"

मास्तरांनी यादी सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! अहो, याला रोगबीग काही नाही. याला तुमची कात्री बाधलीय. वर हे पहिलवानाचे खांदे काढलेत, त्यांची सावली खाली पडते. खालच्या पानांनी ऊन कुठून आणायचं? उलटं कापा. वर निमुळतं, खाली घेर. आणि आधी सगळं कमरेइतकं खाली आणा, मेलेल्या काटक्या काढा, पाणी कमी करा. दीड-दोन महिन्यांत बुडापासून फुटेल."

"कमरेइतकं?" मास्तर हबकले. "मग आतलं सगळंच दिसेल की हो."

"दिसेल. नाही कापलंत तर वर्षभरात कुंपणच राहायचं नाही. तेव्हा काय, झाकलेलं असेल?"

आता आली का पंचाईत! आणि एवढ्यावर भागत नव्हतं. मास्तरांनी जन्मात कधी घेर कापलेला नव्हता. लग्नानंतर आठव्या दिवशीच दोघांचं एका बाहीवरून कडाक्याचं वाजलं होतं, आणि तेव्हा दुकानात कायदा झाला होता, की तिच्या कापडाला यांनी कात्री लावायची नाही आणि यांच्या कोटाला तिनं. सल्ला द्यायचा नाही, मागायचा तर नाहीच. चाळीस वर्षं तो कायदा मोडला नव्हता. मास्तरांनी जेवताना नुसतं कानावर घातलं, "उद्या कुंपण कमरेपर्यंत आणतोय."

"आणा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला कुठं बाहेर जायचंय?"

मास्तर तसेच पानावरून उठले.

सकाळी सातला त्यांनी पडदा काढला आणि पहिलं झुडूप घेतलं. उंची खाली आणली ती झोकात. पण घेर? हात जन्माचे कोटाचे, ते पुन्हा पुन्हा कंबर आवळायला जायचे. चार कातरण्या मारल्या, आणि झुडपाचं धड कोट ना धड झगा असं काहीतरी झालं. खिडकी खाडकन उघडली.

"अहो, काय चाललंय ते? घेर आहे का तो? पोतं आहे पोतं!"

"तुला तिथून काय कळतंय?"

"नाहीच कळत इथून! थांबा. कात्री लावू नका. लावू नका म्हणते ना!"

आणि वॉकर वाजायला लागला. दार, फरशी, फाटक, आणि फाटकाच्या बाहेर थेट रस्ता. घेर बाहेरूनच नीट दिसणार ना! घरातल्या कपड्यांत, केस न विंचरलेल्या मास्तरीणबाई रस्त्यात उभ्या राहिल्या आणि एक डोळा मिटून बघू लागल्या.

"घेर असा मध्येच सुटतो का कुठं? वरूनच सोडत आणायचा, हळूहळू. तिरकी धरा कात्री. आणखी. आणखी. बस्स!"

झुडूप कसं छान पसरून उभं राहिलं. मास्तर बघतच राहिले. बाईंनी मान हलवली. "आलं ना लक्षात? आता पुढची अशीच घ्या." आणि त्या आत जायला वळल्या.

मास्तरांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. एक झुडूप झालं होतं. सोळा राहिली होती. मास्तरांना कळून चुकलं होतं घेर कसा घ्यायचा ते. एकदा दाखवलेलं विसरणारा हात नव्हता तो. पण त्यांनी दुसरं झुडूप घेतलं, दात आवळले, आणि चाळीस वर्षांत बोटभर चिंधी वाया न घालवलेल्या त्या माणसानं कात्री मुद्दाम वाकडी चालवली.

"अगं आई गं!" बाई गर्रकन वळल्या. "डोळे आहेत की काजं?"

आल्या. सांगितलं, सुधारून घेतलं. मास्तरांनी तिसरं उजवीकडून खाल्लं. चौथ्याला पोट काढलं. पाचव्याचा घेर असा काही फिरवला की बाईंनी वॉकर आपटला. "सरका! पुढं सरका! अहो, तुम्हाला मास्तर कुणी केलं?" दर झुडपामागे त्या चार पावलं पुढे येत होत्या, नीट दिसावं म्हणून दोन मागे जात होत्या, आणि पुन्हा पुढे.

नवव्या झुडपापाशी केमिस्टची बायको आली आणि थबकली. "मावशी? तुम्ही रस्त्यावर?"

"मग काय करू? यांच्या हातात कात्री देऊन घरात बसू? जरा बाजूला हो, उजेड अडवतेयस."

ती निमूट बाजूला झाली. जाता जाता मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, हात गेला वाटतं तुमचा?"

हे मात्र मास्तरांच्या वर्मी बसलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं, मास्तरांचा हात गेला म्हणून. नव्या कोटाचं गिऱ्हाईक दोनदा विचार करणार होतं.

"वय झालं," मास्तर म्हणाले आणि दहावं झुडूप बिघडवायला घेतलं.

सतरावं सरळ झालं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मास्तरीणबाई घामानं निथळत फाटकाच्या पायरीवर टेकल्या. दम खाल्ला, पदरात तोंड पुसलं आणि ओळीवरून नजर फिरवली.

"तेराव्याला जे केलंत ना," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या हातून चुकून होणं शक्य नाही."

मास्तर काटक्या गोळा करत राहिले.

"मुद्दाम केलंत."

"हो."

"कुठल्यापासून?"

"दुसऱ्यापासून."

"सगळ्या गल्लीदेखत? लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली," मास्तर म्हणाले. "पण तू चाललीस गं."

बाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग वॉकर ओढून घेतला, त्याच्यावर भार देऊन स्वतःच्या स्वतः उठल्या आणि फाटकातून आत जाता जाता म्हणाल्या, "आतली बाजू राहिलीय अजून. उद्या ती बिघडवायला घ्या. सातला येते मी."