सहा पट्ट्यांचा

माझी पोर चारुलता धुळ्याहून आली ती मोडलेलं मनगट घेऊन, आणि दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. कॅनमध्ये मासा. मी कपाळावर हात मारला. "अगं, मार खाऊन येतेस, आणि वर मासा घेऊन येतेस?"

मासा करंगळीएवढा. नारिंगी अंगावर जांभळे सहा पट्टे, लाल डोळा, हिरवी शेपटी. समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकांत राहणारी जात. दिसायला नवरीसारखा नटलेला, पण मेला भारी खुनशी. जावयाचं, प्रेमराजचं, धुळ्याला शोभेच्या माशांचं दुकान. तिथे यानं दोन महागडे मासे कुरतडून मारले आणि प्रेमराजनं तो राग चारूच्या हातावर काढला. माशाला तो संडासात टाकणार होता. म्हणून ही त्यालाही घेऊन निघाली.

हिचे वडील गेल्यापासून धरणगावच्या घरात मी एकटीच. ओसरीत काचेची पेटी मांडली, माशांसाठी मिळतं ते समुद्री मीठ कालवून त्याच्यापुरता समुद्र केला. आठवड्यात तो पेटीचा मालक झाला. काचेत स्वतःचीच छबी दिसली तरी धडका मारायचा.

"आई, जो आधी येतो तो सगळे दगड आपलेच समजतो," चारू म्हणाली. "नवा आणायचा तर याला आधी बाहेर काढायचं, दगड हलवायचे, नव्याला सोडायचं आणि मग याला. जागा ओळखू येत नाही, माज उतरतो."

"तुझ्या नवऱ्याचे दगड कोण हलवणार?" मी म्हटलं.

चारूचं काय करायचं ते ठरवायला भाऊबंद बसले. माझे चुलतसासरे जीवराम नाना म्हणाले, "बाईले बठ्ठं सोसनं पडस." सगळं सोसायचं ते बाईनंच, यावर मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. आमच्या घराण्यात रीत अशी, की जावई न्यायला आला की मांडे करायचे, त्याला टोपी-टॉवेल द्यायचा, आणि तो जेवून उठला की पोरीनं बॅग उचलायची. मग त्या भांडणाचं कोणी नाव काढायचं नाही. चारूनं बॅग भरून दाराशी ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

प्रेमराज आला तो पिशवीत नवा मासा घेऊन, पिवळाधमक. "घे, रुसवा सोड," म्हणाला.

"आधी जुन्याला बाहेर काढा," चारू म्हणाली. "मला दगड हलवू द्या."

नाना समोरच पाटावर बसलेले. चार माणसांत बायकोचं ऐकलं तर याचं नाक कापलं जाणार ना. "मासे मी विकतो. तू मला शिकवतेस?" त्यानं पिशवी फाडून मासा पेटीत ओतला.

मी अंगणात चुलीवर उपडं खापर तापवून मांडे भाजत होते. तिथून ओसरी समोर दिसते. सहा पट्ट्यांचा दगडाखालून सुटला. आधी शेपटी फाडली, मग पर, मग डोळा. पिवळा काचेवर आपटत राहिला. नानांच्या ताटातला मांडा संपायच्या आत तो उलटा तरंगत होता.

नानांना हसू फुटलं. तेवढं पुरलं. प्रेमराजनं पाण्यात हात घालून सहा पट्ट्यांच्याला मुठीत धरलं, फरशीवर आपटलं आणि त्याच ओल्या हातानं चारूच्या तोंडात मारली. ती पडली तर तिच्या प्लास्टरवर लाथ घातली. नानांचा घास हातातच राहिला. ओसरीतलं कोणी उठलं नाही.

मी उठले. ओल्या फडक्यांनी तापलेलं खापर उचललं, ओसरीवर चढले आणि त्याच्या त्याच हातावर घातलं. खापराचे तुकडे झाले, मनगटापासून कातडी सोलली गेली. तो गुरासारखा ओरडत खाली अंगणात पडून लोळला.

"पुष्पा, जावाई शे तो," नाना म्हणाले.

"मनी पोर आठेच ऱ्हाई," मी म्हटलं. "आता ती कुठं जायची नाही. याला दवाखान्यात न्या, नाना. आणि टोपी-टॉवेल तुम्हीच ठेवा."

चारूचा ओठ फुटला होता, तरी ती फरशीवर रांगत मासा शोधत होती. तो बॅगेखाली सापडला. पाण्यात सोडला तेव्हा एका कुशीवर पडून कल्ले हलवत होता. जरा जीव आला, तसा मेलेल्या पिवळ्याला पुन्हा टोचायला गेला. तो काही सुधारायचा नाही.

मी बॅग उचलून आत नेली. माझ्या कपाटातली लुगडी खाली ओढली, पलंगाखालच्या ट्रंकेत कोंबली आणि त्या जागी चारूचे कपडे लावायला घेतले. ती ओठाला ओढणी दाबून दारात उभी राहिली.

"आई, तुझं कपाट?" कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"तुझं आता," मी म्हटलं. "आणि उद्या कुंभाराकडे चल. नवं खापर आणायचंय."