बारीक पानाची खरपुडी

चपला काढता काढताच उत्तरेश्वरला वास आला आणि त्याचा एक पाय चपलेत तसाच राहिला. उकडलेल्या खरपुडीचा वास. बहात्तरच्या दुष्काळात तो रोज नाकात असायचा, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. पण आता साल एक्याऐंशी होतं, खोली उस्मानाबादेतली होती, आणि त्या गल्लीत खरपुडीचे कंद होते ते फक्त त्याच्या ओट्यावरच्या चार डालड्याच्या डब्यांत.

तो उलट्या पावली ओट्यावर आला. चारही डब्यांतली माती उकरून पुन्हा दाबलेली होती, वर पाणीही शिंपडलेलं होतं. सुतळीवर चढवलेल्या वेली माना टाकून लोंबत होत्या. तिसऱ्या डब्यातल्या वेलीवर दोन कळ्या होत्या, एक टपोरी, एक इवलीशी. त्याही खाली बघत होत्या.

"माय, डब्यातले कंद तू काढलेस?"

"व्हय की," आतून केशरबाई म्हणाली. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, लेकाच्या पोटाचे हाल नकोत म्हणून ती कालच गावाहून आली होती. "खरपुडी दिसली अन् राहवलंच न्हाय बग. चार डबं भरून लावलीस, अन् खानार कवा?"

"ती खायला नव्हती लावली."

"मग काय आरती करायला?"

आता या माउलीला काय सांगावं? उत्तरेश्वर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. खरपुडीच्या प्रजातीत जाती पुष्कळ, आणि एकीचं पान दुसरीसारखं दिसून फसवणारं. फूल मात्र फसवत नाही. कंदिलासारखं ते फूल. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली. नळीत उलटे केस असतात. चिलट आत घसरलं की तिथंच कोंडलं जातं, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतं. केस, नळी, टोकं बघितली की जाणकार माणूस जात सांगतो.

येडशीच्या डोंगरावर त्याला गवताच्या पात्यासारख्या बारीक पानाची खरपुडी सापडली होती. तीन पावसाळे तो तिच्या पाठीमागं होता. पानं घेऊन सोलापूरला या वेलींच्या जाणकार कल्याणप्पा सरांकडे गेला की सर म्हणायचे, "पानाच्या नादी लागू नका. फूल दाखवा, मग बोलू." पहिल्या साली फूल आलं नाही, दुसऱ्या साली घरमालकिणीच्या शेळीनं कळ्या खाल्ल्या. यंदा कळी धरली. हे फूल एसटीचे धक्के खात सोलापूरला धड पोचणार नाही, म्हणून सत्तरी गाठलेले सर स्वतःच उद्या सकाळी येणार होते. ही जात अजून कुणी बघितलेलीच नसेल, अशी एक आशा त्यानं मनात जपली होती. बायकोलाही सांगितली नव्हती.

"उद्या सर येणार, माय. त्यांना आता काय दाखवू? हे पातेलं?"

केशरबाईचा चेहरा उतरला. "वेल मरनार न्हाय रं. म्या खालचा निम्मा कंद कापला. वरचा निम्मा परत मातीत दाबला. दुष्काळात बी तसंच करायची म्या. खालचं आपलं, वरचं तिचं. समदं उपटलं तर म्होरल्या साली डोंगर काय देनार?"

"ते डोंगराचं झालं. हा डबा आहे."

तो जेवला नाही. लेक जेवला नाही म्हणून तीही जेवली नाही, आणि उकडलेली खरपुडी पातेल्यातच झाकून राहिली. अंधार पडेस्तोवर तो डबे सावलीला सरकवत, ओलं फडकं पांघरत बसला. त्याला आईचा राग आला होता, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

सकाळी उठून ओट्यावर गेला तर चौथी वेल तशीच पडलेली. बाकी तिघींनी मात्र माना उचलल्या होत्या. तिसऱ्या डब्यातली टपोरी कळी उमलली होती, हिरवट-जांभळा, बोटाच्या पेराएवढा कंदील. उत्तरेश्वर आत धावला आणि चुलीपुढच्या आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

केशरबाईनं वाकून बघितलं. "एवढंसंच? ह्याच्यापायी उपाशी निजलास व्हय?"

नऊच्या सुमारास कल्याणप्पा सर आले. चहा नको म्हणाले, ओट्यावर फतकल मारून बसले, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग ब्लेडनं फुलाची नळी उभी चिरली, आणि आतून एक चिलट भुर्रकन उडालं.

"नवी नाही हो," सर म्हणाले. "आपली नेहमीची खरपुडीच. पण या बारीक पानावरून कित्येकांनी हिला वेगळी जात ठरवलीय. मी मात्र म्हणत आलो, पान बदलतं, फूल तेच. ते ताज्या फुलात दाखवणारे तुम्ही भेटलात. या वयात एसटीचे धक्के खाल्ले, त्याचं चीज झालं."

उत्तरेश्वरची जपलेली आशा तिथंच संपली. पण म्हाताऱ्या सरांचा फुललेला चेहरा बघून त्यालाही बरं वाटायला लागलं. सरांनी एक वेल उपटून न्यायला हात घातला, तशी केशरबाई पुढं झाली.

"फूल न्या गुरुजी. मूळ राहू द्या."

सरांनी हात मागे घेतला. "बरोबर आहे. दुसरी कळी अजून उमलायचीय."

मग तिनं पातेलं गरम केलं आणि मीठ लावलेल्या फोडी तीन ताटल्यांत वाढल्या. सरांनी एक फोड तोंडात टाकली. उभा जन्म या प्रजातीत घालवला, चव आज कळली, असं म्हणून ते मोकळेपणी हसले. केशरबाई दाराशी टेकून खात होती. एकेक फोड सावकाश, डोळे मिटून, शेवटी बोटं चाटून.

उत्तरेश्वर बघत राहिला. बहात्तर साली खडी फोडून घरी येताना ती लुगड्याच्या ओच्यात खरपुडी आणायची. चौघा लेकरांना वाढायची आणि आपण घोटभर पाणी पिऊन उठायची. मला न्हाय सोसत, पोटात दुखतं, म्हणायची. ते त्यानं आजवर खरं धरलं होतं.

"माय," तो हळूच म्हणाला, "तुला तर खरपुडी सोसत नव्हती ना?"

केशरबाईनं ताटलीतली शेवटची फोड उचलली.

"तवा न्हवती सोसत," ती म्हणाली.

त्यानं उठून आपली ताटली तिच्या ताटलीत रिकामी केली. ती नको म्हणाली नाही. पदरानं तोंड पुसून पुन्हा खायला लागली. ओट्यावर सर दुसऱ्या कळीवर भिंग धरून बसले होते.