छोट्या लाइनची गाडी

गुणवंता स्टेशनावर संत्री विकायचा. स्टेशन खेड्यातलंच, पण मेन लाइन तिथून पांढुर्ण्याकडे जायची आणि एक फाटा डोंगराकडे वळायचा. त्या फाट्याला लोक अजून छोटी लाइनच म्हणत.

त्या दुपारी त्याची सून दिपाली लहानग्या मृणालला कडेवर घेऊन प्लॅटफॉर्मवर आली. हातात एकच पिशवी, आणि डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. रात्रीचं तिचं नि मुलगा कुलदीपचं भांडण गुणवंतानं बाजूच्या खोलीतून ऐकलं होतं. तो उठला नव्हता.

"कुठी चालली, बाई?"

"माहेरी. मी आता वापस नाही येत, मामाजी."

"मी समजावतो कुलदीपले."

"लगन झालं तवापासून समजावूनच राहिले तुम्ही." तिनं आवाज चढवला नाही.

तिच्या माहेराकडे जाणारी छोट्या लाइनची गाडी लागलेलीच होती. मृणालनं आजोबाचं बोट धरलं ते सोडेना. शेवटी त्यानंच ते सोडवलं, तिच्या हातात संत्रं दिलं आणि दोघींना डब्यात बसवलं.

गाडी सुटून थोडाच वेळ झाला असेल, कुलदीप मोटरसायकलवर आला.

"बाबूजी, दिपाली कोन्या गाडीनं गेली?"

गुणवंता पोराकडे पाहत राहिला. हाच पोरगा गेल्या वर्षी त्याला सौंसरच्या दवाखान्यात घेऊन गेला होता, रात्रभर पाय चेपत बसला होता. छोट्या लाइनची गाडी हळू चालते. मोटरसायकलनं त्यानं तिला पुढच्याच स्टेशनावर गाठलं असतं.

"मेन लाइनच्या गाडीनं," गुणवंता म्हणाला. "पांढुर्ण्याले उतरनार म्हणे. मैत्रिणीकडे."

कुलदीप पांढुर्ण्याच्या रस्त्यानं निघून गेला. एक बाई संत्र्यांचा भाव विचारत होती. गुणवंतानं भाव न सांगताच संत्री तिच्या पिशवीत भरायला घेतली.

दिवस मावळता दिपालीचा फोन आला. "पोहोचलो," एवढंच बोलली.

त्यानंतर कुलदीप घरी आला. तोवर त्याला सगळं कळलं होतं.

"सख्ख्या पोराशी खोटं बोलले तुम्ही?"

"हो."

"मी फक्त तिले घ्यायले चाललो होतो."

गुणवंताला ते खरं मानावंसं वाटत होतं, पण मानता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दिपालीच्या भावाचा फोन आला. तिनं पोलिसांत रिपोर्ट दिली होती. घरात काय ऐकलं, काय पाहिलं, ते मामाजी सांगतील का, असं तो विचारत होता.

"सांगीन," गुणवंता म्हणाला.

जेवताना त्यानं ते कुलदीपला स्वतःच सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. कुलदीपनं हातातला घास ताटात ठेवला. तो उठून बाहेर निघून गेला.

गुणवंतानं ताट झाकून ठेवलं. तोही जेवला नाही.