वस्तऱ्याखालची डुलकी

“मी हाललो नाई हं, हुसेन,” खुर्चीतून चंद्रभान म्हणाला.

“नाई भाऊ, तुमी नाई हालले. माहाच हात चुकला.” हुसेनने घाईघाईने तुरटीचा खडा उचलला. चंद्रभानच्या जबड्यावर रक्ताची बारीक रेघ फेसात उतरत होती आणि हुसेनला तीही नीट दिसत नव्हती. चष्म्याच्या दोन्ही काचांवर वाफ धरली होती.

चष्मा उन्हाळ्यात लागला तेव्हा काही अडले नव्हते. तिवशात थंडी पडली आणि त्याने रंग दाखवला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर आपला श्वास जाऊ नये म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधायचा, ही उस्तादांची शिकवण. त्या रुमालातून श्वास वर चढायचा आणि गार काचांवर बसायचा. त्यात गरम पाण्याच्या वाटीवर वाकले की उरलेसुरले दिसणेही बंद. हुसेनने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पाहिला, तर तो सरळ वाटीत पडला. काढून ठेवला, तर गिऱ्हाइकाचा कान कुठला आणि कल्ला कुठला तेच कळेना.

जखम एवढीशीच होती, पण चंद्रभानची झोप उडाली. गालाला फेस लागला की हा गडी घोरायला लागतो, हे सगळ्या तिवशाला ठाऊक. लग्न झाल्यापासून घरी धड झोप मिळत नाही, असे तो म्हणायचा, आणि बायको मैनाबाई आसपास नसली तरच म्हणायचा. आज मात्र उरलेली दाढी होईपर्यंत तो डोळे टक्क उघडे ठेवून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. हुसेनला ती रक्ताची रेघ एवढी लागली नाही, जेवढे ते उघडे डोळे लागले.

दोन दिवसांनी बाजारातून परतताना मैनाबाई दुकानाच्या पायरीशी थांबली.

“हुसेनभाऊ, वाईट वाटून घेऊ नोका. आमच्या नितेशच्या लग्नाच्या दाढीले अमरावतीचा सलूनवाला सांगतला. लग्नाच्या फोटोत पोराच्या गालावर पट्टी चांगली दिसन का?”

“बरोबर हाय वयनी,” हुसेन म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

नितेशचे जावळ हुसेननेच काढले होते. नवरदेव झाला की दाढीही तूच करायची, हे चंद्रभानने त्याच दिवशी सांगून टाकले होते. नितेश नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला, तरी दर सुट्टीला केस कापायला इथेच यायचा. मैनाबाई बोलून गेली त्या दिवशी हुसेन जेवला नाही. आपला हात गेला, आता दुकानही जाईल, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिले.

दुसऱ्या सकाळी त्याने शटर वर केले, कोपऱ्यातल्या शेगडीवर पाणी ठेवले आणि सवयीने ब्रशचा थोडा फेस आरशाला फासून कोरड्या फडक्याने पुसू लागला. असे केले नाही, तर पाणी उकळायला लागताच आरसा पांढरा होतो. मागच्या घरातून अमीना चहा घेऊन आली आणि नवऱ्याचे पडलेले तोंड बघत उभी राहिली.

“आईने को रोज साबून चोपडते. चष्मे ने क्या गुनाह किया?”

हुसेनचा हात थांबला. आधी त्याला तिचा रागच आला. इतकी वर्षे रोज हेच करून आपल्याला सुचू नये आणि हिला सुचावे! मग त्याने गुपचूप चष्मा काढला, काचांना बोटभर फेस लावला, मऊ जुन्या धोतराच्या तुकड्याने लख्ख होईपर्यंत पुसल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवून उकळत्या पाण्यावर वाकला. वाफ आली आणि निघून गेली. पलीकडे अमीना अगदी स्वच्छ दिसत होती, कंबरेवर हात ठेवून हसताना.

“अब जाके बोलो उनको,” ती म्हणाली.

पण काय तोंडाने जाणार? हुसेन गेला नाही. नितेशच्या हळदीच्या आदल्या सकाळी चंद्रभानच येऊन उभा राहिला. कानटोपी काढून थेट खुर्चीत बसला.

“भाऊ, तुमी?”

“मंग कोनाकडे जाऊ? घरी सांगून आलो, पयले हुसेनचा हात माह्यावर पाहू द्या म्हनलं.”

हुसेनने रुमाल बांधला. वाफाळत्या वाटीवर मुद्दाम वाकून चष्मा त्याला दाखवला. “पाहा. अमीनाची करामत.”

“अबे, मले काय दाखवतं? वस्तरा घे.”

चंद्रभानने मान मागे टाकली, पण डोळे उघडेच ठेवले. हुसेनने वस्तरा उचलला. उजवा गाल झाला. काचा कोरड्याच होत्या, जुन्या जखमेची कड आणि तिच्यालगतचा एकेक केस दिसत होता. डावा गाल झाला. हनुवटीखाली वस्तरा गेला तेव्हा खुर्चीच्या हातावरची बोटे सैल पडली. आणि मग गळ्यावर पाते असताना चंद्रभान चक्क घोरायला लागला.

हुसेनने दाढी पुरी केली, तोंड पुसले, तुरटी फिरवली. त्याला उठवले मात्र नाही. त्या घोरण्याने त्याचे मन इतके भरून आले होते की ते थांबूच नये असे वाटत होते.

तेवढ्यात बापाला शोधत नितेश दारात आला. त्याने बापाकडे पाहिले, मग त्या गुळगुळीत गालांकडे.

“काका, उद्या हयद लागाच्या पयले घरी येजा,” तो म्हणाला. “त्या अमरावतीवाल्याले मी आताच फोन करून नाई म्हनतो.”

हुसेनने रुमालावरूनच ओठांवर बोट ठेवले.

“बाहेर जाऊन कर,” तो कुजबुजला. “भाऊची झोप मोडन.”